टीव्हीच्या यूएसबीवर स्टिक चालवावी का?

प्रश्न : ताई, नमस्कार. नव्या फ्लॅटमध्ये आम्ही ४३ इंची टीव्ही भिंतीवर लावून घेतला. मागे एकच सॉकेट आहे, त्यात टीव्हीची पिन जाते. बसवायला आलेल्या मुलाने आमची ४के स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसणारं, इंटरनेटवरचे सिनेमे अतिस्पष्ट चित्रात दाखवणारं छोटं उपकरण) विजेसाठी टीव्हीच्याच यूएसबी पोर्टला जोडली आणि ॲडाप्टर परत खोक्यात ठेवला. काही महिने छान चाललं. मध्यंतरी नातवाच्या ओढाओढीत स्टिकची मूळ वायर तुटली, म्हणून घरातली मोबाइलची लांब वायर लावली. तेव्हापासून सिनेमा रंगात आला की पडदा काळा होतो, कंपनीचं चिन्ह येतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. रिमोटही मधूनच दाद देत नाही. इंटरनेटवाल्याने राउटर बदलून दिला, उपयोग झाला नाही. नवी स्टिक घ्यावी का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नवी स्टिक घेऊ नका, काका. तुमच्या पत्रात दुखण्याचं नाव आलेलंच आहे: यूएसबी पोर्ट आणि त्याला लावलेली मोबाइलची लांब वायर. तुमची स्टिक उपाशी आहे. बहुधा ती बिघडलेली नाही.

आधी टीव्हीच्या मागे बघा. यूएसबीच्या खाचेशेजारी बारीक अक्षरांत ‘५ व्होल्ट, ०.५ अँपिअर’ असं काहीतरी छापलेलं असतं. गुणाकार केला की अडीच वॅट. आता खोक्यातला ॲडाप्टर काढा आणि त्याच्यावरचा ‘आउटपुट’ वाचा. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिक ४केबरोबर ५ वॅटचा ॲडाप्टर येतो, म्हणजे ५ व्होल्ट आणि १ अँपिअर. गूगलने २०२० साली आणलेल्या क्रोमकास्ट या तशाच उपकरणाचा ॲडाप्टर साडेसात वॅटचा आहे. बनवणाऱ्याने पाच वॅटची सोय करून दिली आणि आपण ती काढून अडीच वॅटवर काम भागवायला सांगितलं, असं तुमच्या भिंतीवर चाललं आहे.

मग इतके महिने कसं चाललं? कारण स्टिकला सतत पाच वॅट लागत नाहीत. नुसता मेन्यू समोर असताना बऱ्याच स्टिका अडीच वॅटच्या आत राहतात. मागणी वाढते ती सुरू होताना, ४केचं चित्र उलगडताना आणि वायफायवरून भराभर माहिती ओढताना. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की क्षणभर मागणी पोर्टच्या ताकदीबाहेर जाते, व्होल्टेज खाली येतं आणि आतली चिप स्वतःला वाचवायला पुन्हा सुरू होते. म्हणून तुमचा सिनेमा बंद पडतो, पण मेन्यू कधी बंद पडत नाही. वीज जेमतेम असली की वायफायचा आणि ब्लूटूथचा भागही अडखळतो. तुमचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, त्यामुळे तोही ऐकेनासा होतो. लोकांना दिसतं ते चित्र अडकणं आणि रिमोटचा हट्ट, म्हणून ते इंटरनेटवाल्याला फोन करतात, रिमोटचे सेल बदलतात. माझ्या दुकानात ‘खराब’ म्हणून येणारी स्टिक मी सगळ्यात आधी चांगल्या ॲडाप्टरवर तासभर चालवून बघते. इतर काही उघडण्याची वेळ फार कमी वेळा येते.

पूर्वी हे चालून जायचं, हेही खरं. गूगलचा पहिला क्रोमकास्ट २०१३ साली आला तेव्हा तो टीव्हीच्या यूएसबीवर घरोघरी निमूट चालायचा, कारण त्याचं काम फुल एचडीपुरतंच होतं. २०१६ साली ४के दाखवणारा क्रोमकास्ट अल्ट्रा आला, त्याला मात्र त्याचाच ॲडाप्टर लागायचा. बसवायला येणाऱ्या मुलांच्या हाताला जुनी सवय राहिली आहे. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, पण खोक्यातला ॲडाप्टर वापरा असं त्यांना ठामपणे सांगायला हवं.

आता वायरीकडे येते. या विषयात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे आणि तुमच्याकडे चालू असलेलं काम हिनेच बिघडवलं. गल्लीच्या तोंडाशी नळाला धो धो पाणी असतं आणि शेवटच्या घरी करंगळीएवढी धार येते, तसं बारीक लांब वायरीत व्होल्टेजचं होतं. हिशेब करून दाखवते. मोबाइलच्या स्वस्त वायरीत विजेच्या तारा बऱ्याचदा २८ गेजच्या असतात (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा; मोठा आकडा, बारीक तार). २८ गेजच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. दोन मीटर वायर म्हणजे जायची दोन आणि यायची दोन, अशी चार मीटर तार झाली, रोध सुमारे ०.८५ ओहम. स्टिकने ०.८ अँपिअर मागितले की वाटेतच जवळजवळ पाऊण व्होल्ट खर्च होतो. पोर्टवर ५ व्होल्ट असले तरी स्टिकपर्यंत ४.३ पोहोचतात. तीच वायर २४ गेजची असेल तर वाटेत पाव व्होल्टच्या आसपास जातो आणि स्टिकला ४.७ मिळतात. रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक पुष्कळ जण टीव्हीला जोडतात. तो ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पडद्यावर विजेची खूण दाखवून तक्रार करतो. यावरून ४.३ म्हणजे किती कमी, हे लक्षात येईल.

वायरीवरची अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. ‘२८ एडब्ल्यूजी / १पी + २४ एडब्ल्यूजी / २सी’ असं छापलेलं असलं (एडब्ल्यूजी म्हणजे गेजच), तर पहिला आकडा माहिती वाहणाऱ्या जोडीचा आणि दुसरा वीज वाहणाऱ्या दोन तारांचा. आपल्या कामाचा तो दुसरा. आकडा जितका लहान, तितकी तार जाड. २४ किंवा त्याहून लहान आकड्याची, एक मीटरच्या आतली वायर घ्या. काहीच छापलेलं नसलेली, हातात घेतल्यावर पोकळ वाटणारी वायर फक्त रात्री फोन चार्ज करायला ठेवा.

अंदाजावर राहायचं नसेल तर यूएसबी मीटर मिळतो, काही शे रुपयांचा. तो पोर्टजवळ लावला तर फक्त पोर्टची हकीकत कळते. म्हणून वायरीच्या स्टिककडच्या टोकाला बसेल असा घ्या. मेन्यूवर एकदा आकडा बघा, मग ४के चित्र लावून परत बघा. चित्र चालू असताना व्होल्टेज पावणेपाचच्या आसपास टिकत असेल तर वीज पुरते आहे.

तुमच्या टीव्हीला निळ्या रंगाची यूएसबी ३ ची खाच असेल, तर तिथे नियमाने ०.९ अँपिअर मिळतात. काही टीव्हींवर एका खाचेशेजारी ‘एचडीडी ५ व्होल्ट १ अँपिअर’ असं लिहिलेलं असतं. ती हार्ड डिस्कसाठी ठेवलेली असते आणि तिथे जाड, आखूड वायरीने स्टिक पुष्कळदा नीट चालते. पण यूएसबी ३ चं चालू उपकरण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर करतं, आणि ब्लूटूथ रिमोट व जुनं वायफाय दोन्ही तिथेच असतात. त्या टीव्हीला यूएसबी ३ ची हार्ड डिस्कही लावलेली असेल, तर खोक्यात आलेला एचडीएमआयचा आखूड जोडतुकडा वापरून स्टिक टीव्हीच्या मागच्या पत्र्यापासून आणि डिस्कपासून थोडी लांब लटकू द्या. ‘सर्व्हिस’ असं लिहिलेल्या खाचेला हात लावू नका.

वीज पुरली तरी एक अडचण उरतेच. बरेच टीव्ही रिमोटने बंद केले की यूएसबीची वीजही तोडतात. मग प्रत्येक वेळी स्टिक शून्यापासून उठते, घरातली माणसं पडद्याकडे बघत बसतात. रात्री आपोआप होणारी अपडेट होतच नाहीत, किंवा नेमकी अपडेट चालू असताना कोणीतरी टीव्ही बंद करतं. अर्धवट अपडेटने बसलेली स्टिक मी दुरुस्त करू शकत नाही, म्हणून याची मला जास्त काळजी वाटते. शिवाय स्टिकच्या रिमोटने टीव्ही चालू करायची जी सोय एचडीएमआयमधून मिळते, ती स्टिक झोपेत तरी जिवंत असेल तरच चालते. काही टीव्हींच्या सेटिंगमध्ये बंद असतानाही यूएसबीला वीज देत राहण्याचा पर्याय असतो. तो सगळ्यांत नसतो.

तर तुम्ही काय करावं? वायरमनला बोलवा आणि त्या एका सॉकेटच्या जागी मोठी प्लेट बसवून घ्या: ६ अँपिअरची दोन सॉकेट आणि जागा उरली तर एक यूएसबीचं मॉड्यूल, ५ व्होल्ट २.१ अँपिअर लिहिलेलं. टीव्ही आणि स्टिक मिळून एका सॉकेटचा दहावा हिस्साही भार होत नाही, त्यामुळे वायरिंगची चिंता नको. भिंत फोडायची नसेल तर टीव्हीमागे मावेल असा चपटा, चांगल्या कंपनीचा मल्टीप्लग घ्या. त्यात टीव्हीची पिन आणि स्टिकचा मूळ ॲडाप्टर. ॲडाप्टर आडवा बसून शेजारची जागा अडवतो का, ते दुकानातच लावून बघा. आणि स्टिक काढताना-घालताना भिंतीवरचं बटण बंद करा. दोन पिनांच्या ॲडाप्टरमुळे एचडीएमआयच्या धातूला बोट लागलं की झिणझिण्या येतात, आणि केबलची किंवा डिशची तार जोडलेली असेल तर चालू विजेत एचडीएमआय खुपसताना पोर्ट जाण्याची शक्यता असते. एचडीएमआयचा पोर्ट बदलणं महागडं काम आहे.

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीहून येताना स्टिक घेऊन आली. बरोबरचा ॲडाप्टर तिकडच्या ११० व्होल्टचा, आपल्याकडे जळेल म्हणून मी तो कपाटात ठेवला आणि टीव्हीवर जोडली. चालते, पण कोपऱ्यात ‘वीज कमी आहे’ अशा अर्थाची सूचना येते. मोबाइलचा जुना चार्जर २ अँपिअरचा आहे. तो लावला तर स्टिकमध्ये जास्त वीज जाईल का? — एक काकू, चिपळूण

उत्तर : काकू, तो ॲडाप्टर कपाटातून काढा आणि भिंगातून वाचा. ‘इनपुट’ या शब्दापुढे बहुतेक १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल. तसं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर निर्धास्त चालतो. फरक फक्त पिनांचा. तिकडच्या पिना चपट्या, आपल्याकडच्या गोल, म्हणून घट्ट बसणारा पिन बदलणारा प्लग घ्या. सैल बसणारा घेऊ नका, तो ठिणग्या पाडतो आणि तापतो. ‘इनपुट’पुढे फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असलं, तर मात्र तो कपाटातच राहू द्या.

मोबाइलचा २ अँपिअरचा चार्जर बिनघोर लावा. स्टिकमध्ये जबरदस्तीने दोन अँपिअर ढकलले जात नाहीत. अँपिअरचा आकडा म्हणजे चार्जर किती देऊ शकतो एवढंच; स्टिक तिला हवे तेवढेच घेते. जुळायला हवेत ते व्होल्ट, आणि ते ५ हवेत. हल्लीच्या फास्ट चार्जरवर ९ किंवा १२ व्होल्टही लिहिलेले दिसतात, त्यानेही घाबरू नका. चांगल्या कंपनीचा चार्जर आधी ५ व्होल्टच देतो आणि समोरच्या उपकरणाने मागितल्याशिवाय वर चढत नाही. बाजारात शंभर रुपयांना मिळणारे, वजनाला हलके चार्जर मात्र नकोत. त्यांच्यावर २ अँपिअर छापलेलं असतं आणि भार आला की व्होल्टेज ढासळतं.

ती सूचना मुद्दाम दिलेली आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. काही उपकरणं अक्षरांत सांगतात. रोकू एक्सप्रेस या तशाच उपकरणावर वीज कमी पडली की लाल दिवा लागतो. काही काहीच सांगत नाहीत आणि नुसती बंद पडतात.

प्रश्न : शेतावरच्या घरी लाइन नाही. सोलर पॅनेल, १२ व्होल्टची बॅटरी आणि बॅटरीवर चालणारा २४ इंची टीव्ही आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर स्टिक चालवतो. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून. संध्याकाळी बॅटरी उतरायला लागली की स्टिक आधी जाते, टीव्ही चालू राहतो. काय करावं? — एक शेतकरी वाचक, आटपाडी तालुका

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण याचं उत्तर स्वस्त आहे आणि कामही पक्कं होतं. टीव्ही बॅटरीकडून वीज घेतो, तिचे ५ व्होल्ट करतो आणि त्यातले थोडे यूएसबीला देतो. त्या छोट्या वाटेवर स्टिकचा भार टाकण्याची गरजच नाही. स्टिकला थेट बॅटरीवरून वेगळी वाट द्या.

गाडीत लावतात तो मोबाइल चार्जर घ्या, १२ ते २४ व्होल्टवर चालणारा, दोन खाचांचा, चांगल्या कंपनीचा. बॅटरी चार्ज होताना १४ व्होल्टच्या वर जाते आणि उतरली की १२ च्या खाली येते. हा चार्जर या सगळ्यात बाहेर ५ व्होल्ट स्थिर ठेवतो. तो बसायला गाडीच्या सामानाच्या दुकानात लायटरचं सॉकेट तारांसकट मिळतं. लाल तार बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. उलट जोडलं तर चार्जर जाईल, म्हणून दोनदा तपासा. लाल तारेत, बॅटरीच्या अगदी जवळ, ३ अँपिअरचा फ्यूज घालाच. बॅटरीत साठलेली वीज शॉर्ट झाली तर तार लाल होऊन पेट घेते, आणि शेतावरच्या घरात कडबा, लाकूड, पत्रा सगळं जवळ असतं. एवढ्या एका गोष्टीत काटकसर करू नका.

खर्च किती? स्टिकचे पाच वॅट, थोडी गळती धरून बॅटरीतून अर्धा अँपिअर. चार तास बघितलं तर दोन अँपिअर-तास. त्यामानाने टीव्हीच पुष्कळ खातो. चार्जरच्या दुसऱ्या खाचेत फोन लावा, हॉटस्पॉट चालू असताना तो भराभर उतरतो. तुमच्या सोलर कंट्रोलरवर यूएसबीच्या खाचा असतील, तर त्यावर १ अँपिअर किंवा जास्त लिहिलंय का बघा आणि आधी तिथे जोडून बघा. कदाचित काहीच विकत आणावं लागणार नाही. स्टिकच्या सेटिंगमध्ये चित्र ७२० किंवा १०८० वर ठेवा. २४ इंची पडद्यावर फरक दिसत नाही, विजेची आणि डेटाची दोन्हीची बचत होते.

प्रश्न : डीडी फ्री डिशच्या सेट टॉप बॉक्सचा ॲडाप्टर जळाला. दुकानदार ‘५ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारी यूएसबी वायर’ देतो म्हणाला, टीव्हीलाच जोडायची. घेऊ का? — एक वाचक, परभणी

उत्तर : नका घेऊ. त्या वायरीत व्होल्ट वाढवणारी सर्किट असते, पण वॅट ती कुठून आणणार? बॉक्सला समजा ८ वॅट लागले, तर टीव्हीच्या यूएसबीतून १.६ अँपिअरच्या वर ओढावे लागतील आणि तिथे मिळतात ०.५. बॉक्सला छतावरच्या एलएनबीलाही (डिशच्या तोंडाशी बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) १३ किंवा १८ व्होल्ट पाठवावे लागतात, म्हणून वीज कमी पडली की सिग्नल जातो आणि तुम्ही डिश फिरवत बसता. तशा वायरी राउटरसाठी, तेही दमदार चार्जरवर, ठीक. तुमच्या बॉक्सच्या मागे छापलेले व्होल्ट तंतोतंत जुळणारा आणि अँपिअर तितकाच किंवा जास्त असलेला ॲडाप्टर घ्या. पिनची जाडी आणि आतला प्लस की बाहेरचा, याचं चित्र बॉक्सवर असतं. जळलेला ॲडाप्टर दुकानात बरोबर घेऊन जा.

प्रश्न : स्टिक यूएसबीवर लावल्याने टीव्ही खराब होतो का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : चांगल्या टीव्हीत यूएसबीच्या वाटेवर करंट मर्यादित ठेवणारी चिप असते. भार वाढला की ती वाट बंद करते, पडद्यावर तशी सूचनाही येते, आणि स्टिक काढली की पुन्हा ठीक होतं. तिथे टीव्हीला धोका नाही. पण युनिव्हर्सल बोर्ड (कुठल्याही टीव्हीत बसणारं सर्किट) बसवलेले काही स्वस्त आणि दुरुस्त केलेले सेट माझ्याकडे येतात. त्यांत यूएसबीची पिन कधीकधी बोर्डाच्या मुख्य ५ व्होल्टलाच थेट जोडलेली सापडते, मध्ये फ्यूजही नाही. तिथे स्टिकने ओढ दिली की टीव्हीचं चित्र थरथरतं किंवा टीव्हीच बंद-चालू होतो. तुमच्याकडे स्टिक लावल्यावर असं काही दिसत असेल तर त्याच दिवशी ती ॲडाप्टरवर घ्या. दोन यूएसबी एकत्र करणारी दुतोंडी वायर लावून ताकद वाढवायचा प्रयत्न अशा सेटवर अजिबात करू नका.